अभ्यास मंडळाला एका माईकवालीचं पत्र

प्रति,
संगीत आणि ध्वनितंत्राची पदवी सुरू केलेल्या, सुरू करणाऱ्या आणि ‘पुढच्या जूनपासून नक्की’ म्हणणाऱ्या पुण्यातल्या सर्व विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांचे सदस्य

स. न. वि. वि.

नारायण पेठेत आमचं साउंडचं दुकान आहे. वडिलांनी ते कर्णे आणि अँप्लिफायर भाड्याने द्यायला काढलं होतं. सत्यनारायण असो की निवडणुकीची सभा, ते स्वतः खांबावर चढून कर्णे बांधायचे. आता कर्णे माळ्यावर गेलेत आणि मी गाण्याच्या बैठकी, नाटकं, पुस्तकांचं ध्वनिमुद्रण अशी कामं करते. कार्यक्रमपत्रिकेत ‘ध्वनिव्यवस्था’ या शब्दापुढे माझं नाव छापतात. सभागृहात मात्र मला एकाच नावाने हाक येते, ‘अहो माईकवाले, आवाज वाढवा!’ मिक्सरवर बाई बसलीय हे दिसत असूनही ‘वाले’च. त्याची तक्रार नाही. पत्राचं कारण वेगळं आहे.

बारावीचा निकाल लागला की दुकानात पालक येऊ लागतात. हातात गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक असतं. मुखपृष्ठावर हेडफोन लावून डोळे मिटलेली मुलगी, मागे जांभळा उजेड, आत सॉफ्टवेअरांची यादी आणि परदेशी कन्सोलचा, म्हणजे स्टुडिओतल्या मोठ्या मिक्सरचा, फोटो. प्रश्न ठरलेला, ‘मॅडम, याला स्कोप आहे का हो?’ मी ती पत्रकं शेवटच्या पानापर्यंत वाचते, फीच्या तक्त्यासकट. आजवर माझ्या हातात आलेल्या एकाही पत्रकात मला ‘तंबोरा’ हा शब्द सापडला नाही.

माझं शिक्षण दोन ठिकाणी झालं. सकाळी कॉलेजात बी.एस्सी. फिजिक्स, संध्याकाळी गाण्याचा क्लास. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सोनोमीटर होता. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेली तार, तारेच्या टोकाला लोंबणारी वजनं आणि तारेखाली सरकवायच्या दोन पाचरी. तारेवर कागदाचा इवलासा तुकडा दुमडून बसवायचा, त्याला ‘रायडर’ म्हणायचे. ट्यूनिंग फोर्क रबरावर आपटून पेटीवर टेकवायचा आणि पाचरी हळूहळू सरकवत राहायचं. नेमकी लांबी आली की कागद थरथरतो आणि टुणकन उडून पडतो. लांबी लिहा, सूत्रात घाला, जर्नलवर सही घ्या, पुढचा प्रयोग.

त्याच आठवड्यात कधीतरी संध्याकाळी गुरुजींनी तंबोरा माझ्या मांडीवर दिला, पण छेडायचा नाही म्हणाले. नुसता सा लाव. तीन-चार वेळा लावला. एकदा तो असा लागला की तारेला बोट न लावता तंबोरा माझ्या छातीशी गुणगुणू लागला. गुरुजी ‘हं’ म्हणाले आणि चहा प्यायला आत गेले.

सकाळी उडालेला कागद आणि संध्याकाळी आपोआप बोललेली तार ही एकच गोष्ट आहे, हे मला कळायला आणखी सात-आठ वर्षं जावी लागली. तेही कुणी सांगितलं नाही. एका कार्यक्रमानंतर रिकाम्या हॉलमध्ये केबल गुंडाळताना कोपऱ्यातल्या तबल्यावर माझ्याच बोलण्याचा घुमारा उठला, तेव्हा एकदम डोक्यात लखलखलं. आमच्या फिजिक्सच्या सरांना गाण्यातलं कळत नव्हतं असंही नाही. ते डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला सतरंजी घेऊन रमणबागेत जागा धरायला दुपारीच जात. गुरुजींना यंत्रांचं भारी कुतूहल, रेडिओ स्वतः उघडून दुरुस्त करत. पण सरांची खोली आणि गुरुजींची खोली यांच्यामध्ये अख्खा लक्ष्मी रोड होता. तुम्ही जी पदवी काढताय ती हा रस्ता ओलांडण्यासाठी असेल, असं मला भाबडेपणाने वाटलं होतं. माहितीपत्रकं वाचून वाटतं, तुम्ही तिसरीच खोली बांधलीत आणि तिला एसी बसवलात.

आता एका मुलाची गोष्ट. संस्थेचं नाव सांगणार नाही, विचारूही नका. तीन वर्षांची पदवी घेऊन मुलगा माझ्याकडे कामाला आला. कामसू, नम्र, वेळेवर येणारा. पहिल्या रात्री त्याने माईकची केबल हाताच्या अंगठ्यातून कोपराखालून अशी गुंडाळली, दोरी गुंडाळतात तशी. अशी गुंडाळली की दर वेढ्याला केबलला पीळ बसतो, आतल्या तारा हळूहळू तुटतात आणि सहा महिन्यांनी ऐन आलापात ‘खर्र’ होतं. एक वेढा सरळ, एक उलटा, असं घ्यायचं असतं. ते शिकायला पंधरा मिनिटं लागतात. त्याला कुणी शिकवलं नव्हतं, कारण त्याच्या स्टुडिओतल्या केबली भिंतीत होत्या आणि विद्यार्थ्यांनी त्यांना हात लावायचा नव्हता.

हे किरकोळ झालं. खरी गंमत पुढे आली. सदाशिव पेठेतला छोटा हॉल, दीडशे खुर्च्या, ख्यालगायन. गायकाचा सा काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी. साउंड चेकला मॉनिटरचा, म्हणजे गायकाकडे तोंड केलेल्या स्पीकरचा, आवाज थोडा वर केला आणि शिट्टी सुरू झाली. कानठळ्या बसवणारी नाही, ती बारीक, आवाजाच्या मागे लपून राहणारी. गायक थांबला की लांबत जायची. मुलाने टॅबलेटवर अ‍ॅनलायझर उघडला. पडद्यावर आवाजातल्या उंच-सखल स्वरांचे हिरवे डोंगर नाचत होते आणि तो त्यातलं शिखर शोधत होता. एकदा ८०० हर्ट्झचा स्वर खाली केला, मग १००० चा केला. आवाज पातळ होत गेला, शिट्टी तशीच. मागे तंबोऱ्यावर गायकाची एक शिष्या बसली होती. ती हळूच म्हणाली, ‘दादा, तार पंचमावर वाजतंय.’

काळी एकचा मध्य सप्तकातला सा, पुरुषाच्या आवाजातला, साधारण १३९ हर्ट्झ. पंचम त्याच्या दीडपट, २०८. तार पंचम त्याच्या दुप्पट, ४१६. आवाजातला एकेक स्वरपट्टा वेगळा कमी-जास्त करायच्या एकतीस पट्ट्यांच्या इक्वलायझरवर त्याच्या सगळ्यांत जवळची पट्टी ४०० ची. मी ती दोन रेघा खाली घेतली. शिट्टी गेली, बाकीचे सगळे खाली ओढलेले स्वर परत जागेवर आणले, गायकाने मान डोलावली. सगळा प्रकार अर्ध्या मिनिटात आटोपला. मध्यंतरात चहा घेताना मुलाने तिला विचारलं, तुला कसं कळलं? तिने त्याला विचारलं, ४०० म्हणजे काय? ती संगीतात एम.ए. करत होती. दोघं एकाच शहरात, पाच-सहा किलोमीटरच्या अंतरावर शिकलेले, आणि एकमेकांची भाषा कप हातात धरून शिकत होते. मी बिस्किटाचा पुडा पुढे सरकवला आणि गप्प बसले.

मी काही जगावेगळं मागत नाही. जर्मनीत डेटमोल्डच्या संगीत विद्यालयात १९४९ पासून ‘टोनमाइस्टर’, म्हणजे गाणं आणि तंत्र दोन्ही जाणणारे ध्वनिमुद्रक, घडवतात. ब्रिटनमध्ये सरे विद्यापीठात १९७० पासून त्याच नावाची पदवी आहे. तिथे प्रवेशालाच संगीताची पक्की तयारी आणि गणित-भौतिकशास्त्र, दोन्ही लागतं. शिवाय शिक्षणाच्या मध्यावर एक अख्खं वर्ष स्टुडिओत, नभोवाणीवर किंवा कंपनीत काम करायचं. आपण तिकडून कन्सोलचा फोटो उचलला आणि प्रवेशाची अट तिकडेच ठेवली. आपल्याला स्टाफ नोटेशनची, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपीची, अट लावायची गरज नाही. दोन तंबोरे छेडा आणि मुलाला विचारा, यातला कोणता उतरलाय? मग बारावीचं गणित विचारा. दोन्हींत काठावर पास झाला तरी घ्या, पुढचं आपण शिकवू. पण एकातच पहिला आला म्हणून डोळे मिटून घेऊ नका.

आणि शिकवताना तो पियानो रोल जरा बाजूला ठेवा. सगळ्या सॉफ्टवेअरांत तो असतो, उभ्या पट्टीवर सप्तकाची बारा घरं आणि आडवी चौकटी-चौकटीची जाळी. पहिल्या वर्षाचा मुलगा त्या घरांत स्वर ठेवायला शिकतो आणि त्याला वाटतं, स्वर एवढेच. तंबोरा नीट मिळवला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, तो त्या तारेचा पाचवा स्वरांश, म्हणजे मूळ स्वरात मिसळून येणाऱ्या वरच्या स्वरांपैकी एक. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर तो गंधार सा पासून ३८६ सेंटवर बसतो. पियानो रोलचं घर ४०० वर आहे. १४ सेंटचा फरक. कागदावर काहीच वाटत नाही. यमन गाणाऱ्या मुलीच्या गळ्यातला गंधार ‘सुधारायला’ सॉफ्टवेअरच्या हातात दिलात की मात्र तो १४ सेंट वर चढतो आणि तंबोऱ्याशी भांडायला लागतो. मग ध्वनिमुद्रक काय करतो? तंबोऱ्याचा आवाज कमी करतो! मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमला स्टुडिओबाहेर काढलं आणि १९७१ पर्यंत ती बंदी चालली, त्यामागे जी कारणं होती त्यांत ठोकळेबाज स्वरांचं हे दुखणंही होतं. ती बंदी योग्य होती की नाही यावर आमच्या दुकानात तास-तास वाद होतात. पण निदान त्या लोकांना फरक ऐकू येत होता.

सॉफ्टवेअर वाईट असं मी म्हणत नाही, माझं पोट त्याच्यावर चालतं. बेसूर गळा सुरात ओढणारं ऑटो-ट्यून १९९७ साली आलं. ते बनवणारा माणूस त्याआधी जमिनीत लहरी सोडून खनिज तेल शोधण्याचं गणित करत होता, आणि फावल्या वेळात नव्हे, रीतसर संगीत शिकलेला होता. म्हणजे बघा, त्याच्या डोक्यात दोन्ही खोल्या होत्या. पण त्याच्या खोलीत तंबोरा नव्हता. प्रत्येक यंत्र बनवणाऱ्याच्या कानात आधीपासून काहीतरी बसलेलं असतं, हे विद्यार्थ्याला पहिल्या सहामाहीतच कळलं पाहिजे. लॉकडाउनमध्ये गाण्याचे क्लास व्हिडिओ कॉलवर गेले तेव्हाचं आठवतं? विद्यार्थी तंबोरा लावून बसायचे आणि गुरूंना तो ऐकूच जायचा नाही. ॲपच्या हिशेबी जो आवाज सतत एकसारखा येतो तो पंख्याचा किंवा रस्त्याचा, म्हणून पुसून टाकायचा. आपल्या गाण्याचा पाया त्याने कचरा म्हणून झाडून टाकला. बऱ्याच गुरूंना वाटलं, पोरगं तंबोरा न लावताच बसतंय. मी आमच्या गल्लीतल्या चार जणींच्या फोनमध्ये जाऊन गोंगाट काढण्याची ती सेटिंग बंद करून दिली, तेव्हा त्यांच्यावरचा गुरूंचा राग निवला.

तबल्याचंही तसंच. साध्या ताणलेल्या कातड्यावर थाप मारली तर त्यातून निघणारे स्वरांश मूळ स्वराच्या १.५९ पट, २.१४ पट असे वेडेवाकडे येतात, म्हणून ढोलाला सूर नसतो. तबल्याच्या दायाँतले मात्र जवळजवळ एक, दोन, तीन, चार, पाच असे ओळीने उभे राहतात, तारेसारखे. हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये कोलकात्यात बसून दाखवलं, आणि १९३४ मध्ये पुन्हा सविस्तर लिहिलं. करामत शाईची. मधोमध तो काळा गोल कातड्याला जड करतो आणि स्वरांशांना रांगेत आणतो. मी आमच्या तबलेवाल्याकडे शाई भरताना बसलेय. लोखंडाचा भुगा आणि खळ यांचा लेप, बोटाने एक पातळ थर, मग गुळगुळीत दगडाने घोटायचं, घोटायचं, पुन्हा थर. दर दोन-तीन थरांनी टिचकी मारून मान तिरकी करून ऐकायचं. कितवा थर झाला ते तो मोजत नाही. मी एकदा त्याला विचारलं, थांबायचं कधी? म्हणाला, ‘पुडी गायला लागली की.’ पुडी म्हणजे तबल्याचं मढवलेलं कातडं. पहिल्या वर्षाच्या मुलांना त्याच्या दुकानात एक दुपार बसवा. हातात माईक आणि स्पेक्ट्रमचं ॲप द्या, दर थरानंतर एक टिचकी रेकॉर्ड करा. शाई चढते तशा पडद्यावरच्या रेघा ओळीत येताना त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतील. जमलं तर एकदा मिरजेला न्या. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, बातमी सगळ्यांनी वाचली. घोडी घासून तारेच्या स्वराला झंकार आणणाऱ्या, म्हणजे जवारी काढणाऱ्या, कारागिराच्या शेजारी मांडी घालून बसलेले ध्वनितंत्राचे विद्यार्थी मला अजून दिसायचे आहेत.

तुम्ही म्हणाल, हा तबलेवाला शिकवणार कसा, याला नेट-सेट नाही. ही अडचण आता नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्येच ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची सोय केलीय. पदवीची अट नाही, पंधरा वर्षांचा अनुभव हवा, मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत नेमता येतात. तबलेवाल्याकडे चाळीस वर्षांचा आहे. मला वाटतं, या तरतुदीतून नेमताना निवृत्त अधिकाऱ्यांपलीकडे कुणाचा विचार होत नाही, पण हे आपलं माझं मत.

आता तासांचं गणित. त्यात खरी गोम आहे. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला सत्रात ३० तास. दोन क्रेडिट म्हणजे ६० तास. तुकडी ६० जणांची आणि स्टुडिओ एक. एका वेळी कन्सोलवर एकच जण बसू शकतो. म्हणजे सहा महिन्यांत प्रत्येकाच्या वाट्याला एक तास. बाकी एकोणसाठ तास तो काचेपलीकडून दुसऱ्याच्या पाठीकडे बघत असतो. त्याच तासाची फी भरायला कुणाच्या घरचं सोनं बँकेत असतं, हे मला पालकांच्या तोंडून कळतं. परदेशी कन्सोल एक घेण्याऐवजी साधे छोटे मिक्सर पंधरा घ्या. चार-चार जणांना एक द्या, आणि कॉलेजच्या प्रत्येक कार्यक्रमाचं साउंड विद्यार्थ्यांकडूनच करून घ्या. गॅदरिंगला बाहेरचा ठेकेदार कशाला? पहिल्या दोन वेळा शिट्ट्या मारतील, प्राचार्यांचं भाषण मध्येच बंद पडेल. पडू दे.

नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनरची मुभा आहेच. फिजिक्स घेणाऱ्याला गाणं आणि गाणं घेणाऱ्याला ध्वनिशास्त्र घेता येतं, कागदावर. प्रत्यक्षात दोन्हींचे तास एकाच वेळी, दोन वेगळ्या इमारतींत लागतात आणि मूल काय ते समजून जातं. सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या एकाच आवारात ललित कला केंद्र आहे आणि भौतिकशास्त्र विभागही आहे. मधलं अंतर पायी जाण्यासारखं आहे, तेवढं वेळापत्रकात बसवता येणार नाही का? लॉ कॉलेज रोडवर एफटीआयआय ही सिनेमा शिकवणारी संस्था आहे, प्रभातच्या जुन्या स्टुडिओत १९६० पासून. तिथल्या ध्वनिविभागात शिकलेल्या रसूल पूकुट्टी यांनी २००९ साली ऑस्कर आणलं. तिथलं शिक्षण उत्तम, पण ते सिनेमासाठी. गाण्याचं माहेरघर म्हणवणाऱ्या या गावात १९११ पासून भारत गायन समाज आहे, १९३२ पासून गांधर्व महाविद्यालय आहे, १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव चालतो. एवढं सगळं दारात असताना ध्वनितंत्राचा विद्यार्थी प्रकल्पासाठी इंटरनेटवरून परदेशी बँडचे ट्रॅक उतरवून त्यांचंच मिक्सिंग करतो. हाताशी गाणारा गळा नाही म्हणून? गळे तर इथे गल्लोगल्ली आहेत.

वर्गाबाहेर काय शिकवता येईल याची मी यादी करत बसत नाही, दोन गोष्टी सांगते.

मोठ्या मंडपात मागच्या लोकांसाठी मध्ये स्पीकर लावावे लागतात. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे स्टेजवरची सम ३४ मीटरवर बसलेल्या माणसापर्यंत एक दशांश सेकंदाने पोचते. त्याच्या शेजारच्या स्पीकरमधून मात्र तारेने ती लगेच बाहेर पडते. त्याला सम दोनदा ऐकू येते, आणि तबला उतावळा झाल्यासारखा वाटतो. म्हणून मधला स्पीकर मुद्दाम तेवढाच उशिरा वाजवायचा असतो. हे सूत्र पाठ करून मुलं पास होतात. पण डिसेंबरात दुपारी तीस अंश असताना बसवलेला वेळ रात्री पंधरा अंशाला थोडा चुकतो, कारण गार हवेत ध्वनी सेकंदाला आठ-नऊ मीटर कमी चालतो. तारवाद्यंही तोवर हललेली असतात. हे मंडपात स्वेटर घालून, शेवटच्या रांगेपर्यंत चालत जाऊन कळतं. पुस्तकात कळत नाही.

दुसरी गोष्ट मंगल कार्यालयाची. फरशी, संगमरवर, उंच छत, दोन बाजूंनी काचा. रिकाम्या कार्यालयात एक टाळी वाजवा आणि विरायला किती वेळ लागतो मोजा. मग चारशे माणसं शालू आणि सुटात येऊन बसली की पुन्हा वाजवा. १८९५ च्या सुमारास हार्वर्डमध्ये सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाने एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात नाटकगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून मांडल्या, रात्र-रात्र बसून हेच मोजलं आणि वास्तुध्वनिशास्त्र उभं राहिलं. आपल्याला गाद्या वाहून न्यायची गरज नाही. मुहूर्ताच्या आधी एकदा आणि अक्षता टाकताना एकदा माईक धरला की झालं. फक्त यजमानांची परवानगी घ्या, आणि जेवणाचं आमंत्रण आलं तर नाही म्हणू नका.

कानांबद्दल मात्र जरा लांबण लावते, कारण ते घरचं दुखणं आहे. माझ्या वडिलांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. कर्ण्याजवळ उभं राहून वर्षानुवर्षं ‘हॅलो, चेक, हॅलो’ केल्याचं ते फळ. अमेरिकेतल्या व्यवसाय-आरोग्य संस्थेची शिफारस अशी की ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तासांपेक्षा जास्त राहू नये. दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा. ८८ ला चार तास, १०० ला पंधरा मिनिटं. आमचं गणपतीतलं पथक सरावाला दोन-दोन महिने रोज नदीपात्रात असतं, आणि कमरेला ढोल बांधून उभी असलेली निम्मी पोरं तुमच्या कॉलेजातली असतात. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या त्या भिंतींबद्दल तर बोलायलाच नको. त्यांना आपण ‘डॉल्बी’ म्हणतो, त्या कंपनीचा बिचारीचा काही संबंध नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. ते पोलिसांना पाठ आहेत, ध्वनितंत्राच्या पदवीधरांना नाहीत. प्रवेशाच्या वेळी प्रत्येक विद्यार्थ्याची श्रवणचाचणी करा आणि दरवर्षी पुन्हा करा. वैद्यकीय प्रमाणपत्रावर तुम्ही उंची-वजन लिहिता. इथे कान हे हत्यार आहे, त्याची नोंद कुठेच नाही.

स्कोपचं विचारणाऱ्यांना मी काय सांगते? सिनेमा आणि मालिका आहेत, श्राव्य पुस्तकं आहेत, पॉडकास्ट, गेम्स आहेत. कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय या वाहनसंशोधन संस्थेत गाड्यांची घरघर आणि थरथर मोजतात, वाहन कंपन्यांना अशी माणसं लागतात. नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशाकडे कान लावून उभ्या आहेत. त्यांना आलेला संदेश गोंगाटातून वेगळा काढायला फूरिएचं जे गणित, लहरीला सुट्या कंपनांत फोडणारं, लागतं, तेच मी भजनातून पंख्याची घरघर काढताना वापरते. ज्याला ते गणित येतं आणि ज्याचा कान तयार आहे तो उपाशी राहत नाही. नुसती सॉफ्टवेअरची बटणं शिकलेल्याचं खरं नाही, बटणं दर दोन वर्षांनी जागा बदलतात.

राहता राहिली भाषा. कृपा करून शिकवताना आपले शब्द वापरा. स्वर विरत जातो तेव्हा मागे राहते ती आस. तुंब्याचा तो घुमारा. आवाज बोदा, आवाज पातळ, आवाज दाणेदार, तान फाटली, खर्ज बसला. एका वाक्यात गायक जे सांगतो ते मला मिक्सरवर तीन पट्ट्यांत करायचं असतं. ‘जरा जवारी कमी वाटतेय’ म्हटल्यावर हात नेमका कुठे जायला हवा, हे त्या पदवीधर मुलाला मी सहा महिने शिकवतेय. तो आता चांगला तयार झालाय. शिष्येकडून तो अलंकार शिकतो आणि तिला तो डेसिबल समजावतो. दर गुरुवारी दुकानात त्यांचा वर्ग भरतो, फी शून्य.

तुमच्या पुढच्या बैठकीला मला बोलवलंत तर येईन, मानधन नको. अभ्यासक्रमाचा मसुदा वाचायला बसण्याआधी वीस मिनिटं द्या. मी तंबोरा आणि एक माईक घेऊन येते. फक्त त्या खोलीतला एसी बंद ठेवा, कारण मागच्या वेळी एका महाविद्यालयात मी हेच करायला गेले होते. मी गंधार ऐका म्हणत होते आणि सगळे सदस्य मन लावून ऐकत होते, आणि पाच मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की ते सगळे एसीचा पंचम ऐकतायत.

कळावे.

आपली,
एक माईकवाली
नारायण पेठ, पुणे ३०